आपल्याकडे कुठला आलाय भूकंप?

गेल्या उन्हाळ्यात इंदापूरच्या आत्याचा निरोप आला. "घरकुल मंजूर झालंय, पाया भरलाय, एकदा येऊन बघून जा. माझं काय खरं न्हाई आता." आत्याचे वय पंच्याऐंशीच्या पुढे. असा निरोप आला की माणसाने उठावे आणि जावे. मी बारामतीच्या स्टँडवर इंदापूरची गाडी धरली.

हा रस्ता वाचकांपैकी पुष्कळांच्या पायाखालचा आहे. काटेवाडी, भवानीनगर, लासुर्णे, जंक्शन, निमगाव केतकी आणि मग इंदापूर. इंग्रजांच्या काळातला नीरा डावा कालवा या भागाला पाणी देतो, म्हणून खिडकीतून पाहावे तिकडे ऊस. कालव्याच्या वरच्या अंगाला मात्र लगेच माळरान, बाभळी आणि मेंढरे. एकाच तालुक्यात दोन देश. आमची माणसे कुठल्या देशात राहिली हे वाचकांना सांगायला नको. उसाच्या देशात मजूर म्हणून आणि माळाच्या देशात रहिवासी म्हणून.

आत्याचे गाव लासुर्णे आणि निमगाव यांच्या दरम्यान रस्त्यापासून आत आहे. गावाचे नाव लिहीत नाही, कारण पुढे घरातल्याच गोष्टी येणार आहेत.

आत्याचे घर म्हणजे तीन खणांचे माळवद. त्याला इतिहास आहे. आत्याचे सासरे वालचंदनगरच्या साखर कारखान्यात कामाला होते. आमच्या वस्तीत तेव्हा सगळी छपरे. कुडाच्या भिंती, वर उसाचे पाचट. दगडमातीचे माळवद म्हणजे गावातल्या मोठ्या लोकांचे घर. १९५६ नंतर दोन वर्षांनी या माणसाने पगारातून पैसे साठवून, ओढ्यातले दगड स्वतः गाडीत भरून आणून वस्तीतले पहिले माळवद उभे केले. गावातल्या काही लोकांना ते खुपले. "आता ह्यांनाबी माळवद पायजे," असे बोलून दाखवणारेही होते. म्हाताऱ्याने काही उत्तर दिले नाही. दर उन्हाळ्यात चार पाट्या पांढरी माती आणून छतावर चढवायची, ठोकून बसवायची, म्हणजे पावसात घर गळत नाही. हा त्याचा नेम. तो गेल्यावर त्याच्या नातवाने, म्हणजे माझ्या आतेभावाने, तो पाळला.

मी गेलो तेव्हा आत्या त्याच घरात, मधल्या खणात, भिंतीला पाठ लावून बसली होती. पाठीमागच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत बोट जाईल एवढी चीर.

"आत्या, ही चीर कधीची?"

"आसंल चार-पाच वर्साची."

"आणि तू हिच्याच खाली झोपतेस?"

"मग कुठं झोपू? तुझ्या डोक्यावर?"

मी भूकंपाचे नाव काढले, तशी ती हसली. "आरं, आपल्याकडं कुठला आलाय भूकंप? त्यो तिकडं लातुराकडं."

हे वाक्य मी आधीही ऐकलेले होते. दोनदा.

पहिल्यांदा ऐकले तेव्हा मी तिसरीत होतो. आम्ही बारामतीत कऱ्हा नदीच्या बाजूला राहत होतो. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट, थंडीचे दिवस. चार वाजून गेले होते. फळीवरची भांडी वाजायला लागली. आईला वाटले मांजर शिरले. मग एक पितळी तांब्या खाली पडला आणि कंदील झोक्यासारखा हलायला लागला, तेव्हा वडील ओरडले, "बाहेर!" आम्ही पोरे गोधड्यांसकट बाहेर. सगळी वस्ती बाहेर. कोणी म्हणे शेषाने डोके हलवले, कोणी म्हणे गिरणीचा बॉयलर फुटला. दिवसा कळले की कोयनानगरला भूकंप झाला. पुढे समजले की सुमारे १८० माणसे गेली, कोयनानगरची बहुतेक घरे पडली किंवा मोडकळीस आली. तोपर्यंत शाळेत आम्हाला शिकवले होते की दख्खनचे पठार हा अतिशय जुना, कठीण आणि स्थिर भाग, येथे भूकंप होत नाहीत. हा पाठ गुरुजींनी आम्हाला नुकताच पाठ करून घेतला होता!

कोयनेचे निदान एक कारण तरी सांगता आले. धरणात १९६२ पासून पाणी साठायला लागले आणि त्याबरोबर खाली हादरे वाढले. धरणाच्या पाण्याने भूकंप घडण्याचे जगातले सर्वात ठळक उदाहरण म्हणून कोयनेचे नाव पुस्तकांत गेले. म्हणून लोक म्हणाले, ते कोयनेचे. आपल्याकडे कुठला भूकंप?

दुसऱ्यांदा ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, मिरवणुका संपून गावे नुकती झोपलेली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवर जमीन हलली. इंदापूरपासून किल्लारी सरळ रेषेत दीडशे किलोमीटरहून अधिक, तरी आत्याच्या घरातल्या उतरंडीची मडकी हलली आणि वरून माती गळली. आत्या उठून बसली आणि पुन्हा झोपली. सकाळी रेडिओवर पहिली बातमी आली ती काही घरे पडल्याची. संध्याकाळपर्यंत आकडा हजारांत गेला. शेवटी तो आठ हजारांच्या घरात स्थिरावला. भूकंप ६.२ रिश्टरचा. जगात दरवर्षी एवढे किंवा याहून मोठे पुष्कळ भूकंप होतात आणि बहुतेकांची बातमीही आपल्यापर्यंत येत नाही. येथे मात्र आठ हजार माणसे गेली.

त्या वेळचे मुख्यमंत्री शरद पवार आमच्याच तालुक्यातले, काटेवाडीचे. ते त्याच सकाळी किल्लारीत पोहोचले, त्यामुळे बारामतीत दुसरा विषय नव्हता. आमच्या विहारातल्या मुलांनी त्या वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला जाण्यासाठी वर्गणी जमवली होती. ती सगळी किल्लारीला गेली. भाकरी, कपडे, घोंगड्या, औषधे भरून एक टेम्पो निघाला. इंदापूर, टेंभुर्णी, सोलापूर, नळदुर्ग, उमरगा. मीही त्यात होतो.

तिकडे जे पाहिले त्याचे सगळे वर्णन येथे करणार नाही. हे कुटुंबाचे पान आहे, पोरेसोरे वाचतात. पण एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण मी हा लेख त्याचसाठी लिहीत आहे. गावात शिरलो तर गाव म्हणून काही नव्हते, दगडांचे ढीग होते. त्या ढिगांतून लाकडी खांब आणि तुळया ठिकठिकाणी तशाच उभ्या. आम्हाला नवल वाटले. लाकूड उभे आणि दगडी भिंत भुईसपाट! आमच्याबरोबर एक गवंडी होता. तो एका ढिगाजवळ उभा राहिला आणि म्हणाला, "ह्या भिंती बघा. दोन फुटांच्या वर जाड. पण बाहेरचा दगड बाहेर, आतला आत, आणि मधी नुसता भरणा. आरपार दगड एकबी न्हाई. मातीत बसवल्यात. हलवल्याबरोबर बाहेरची पाळ बाहेर, आतली आत." आणि वर ते माळवद. पाऊस गळू नये म्हणून वर्षानुवर्षे माती चढवत नेलेले.

याचा हिशेब मी पुढे कधीतरी वहीत करून पाहिला. दहा फूट बाय बारा फूट खण आणि वर फक्त एक फूट माती धरली, तरी पाच टनांहून अधिक वजन होते. दीड फूट धरली तर आठ टन. एका खणावर! झोपलेल्या माणसाच्या अंगावर हे येते आणि वर त्या भिंतींचे दगड.

गावाच्या कडेला, वेशीबाहेर म्हणावे अशा जागी, काही छपरे उभी होती. कुडाची, पाल्याची. वाकडी झाली होती, पण उभी होती. आतली माणसे जिवंत होती. एक बाई चूल पेटवून येणाऱ्या-जाणाऱ्याला चहा देत होती. ती म्हणाली, "आमच्याकडं माळवद न्हवतं म्हणून ऱ्हायलो." आपली माणसे मेली नाहीत असे नव्हे. ज्यांनी आत्याच्या सासऱ्यासारखे काटकसरीने दगडी घर बांधले होते, ती त्यांच्या घराखाली गेली. पण ज्या गरिबीने आम्हाला पक्क्या घरापासून दूर ठेवले होते, त्या गरिबीने त्या एका पहाटे काहींना वाचवले. याला न्याय म्हणायचे की चेष्टा, मला अजून कळलेले नाही.

पुढे पुनर्वसन झाले. ५२ गावे नव्या जागी वसवली. जागतिक बँकेचे कर्ज आले, देशभरातल्या संस्थांनी घरे बांधली. ज्या शेकडो गावांत घरे फक्त तडकली होती, तेथे दुरुस्तीसाठी पैसे दिले आणि गावागावांतल्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून उभे केले. घराचा पट्टा म्हणजे काय, कोपऱ्यात सळई का घालायची, हे सिमेंटच्या पोत्याशी कधी संबंध न आलेल्या बायका गवंड्याला विचारू लागल्या. मला त्या सगळ्या कामातला हा भाग सर्वात मोलाचा वाटतो. पण नव्या गावात कोणाला केवढे घर मिळाले, तर ज्याला जमीन नाही किंवा एक हेक्टरपर्यंत आहे त्याला २५० चौरस फूट. एक ते सात हेक्टरवाल्याला ४०० चौरस फूट. सात हेक्टरच्या वर त्याला ७५० चौरस फूट. जमीन हादरली ती सातबारा पाहून हादरली नव्हती. घर मोजताना मात्र सातबारा पाहिला गेला. त्या सातबाऱ्यावर कोणाची नावे होती हे आपल्याला ठाऊक आहे.

आणखी एक आठवण येथे येते. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये मोठा भूकंप झाला, तेव्हा गांधीजींनी सांगितले की अस्पृश्यतेच्या पापाबद्दल देवाने दिलेली ही शिक्षा आहे. रवींद्रनाथ टागोरांनी त्याला जाहीर हरकत घेतली, असले बोलणे विज्ञानाला धरून नाही म्हणून. अस्पृश्यता हे पाप खरेच, पण मग त्या भूकंपात अस्पृश्यांच्या झोपड्या का पडल्या? त्यांनी कोणते पाप केले होते? किल्लारीनंतरही आमच्या भागात असेच काहीबाही बोलले गेले. आठवडाभर लोक अंगणात झोपले, कोणी नवस केले. भिंत कशी बांधली आहे हे पाहायला मात्र कोणी शिडी लावली नाही.

असो. आत्याच्या गावाकडे परत येऊ.

दुसऱ्या दिवशी आत्याच्या नातवाने मला मोटारसायकलवर मागे बसवले. "काका, पळसदेवला जाऊन येऊ. पाणी खाली गेलंय, जुनं देऊळ दिसतंय." इंदापूर गाठून पुणे-सोलापूर रस्त्याने भिगवणच्या अंगाला गेले की पळसदेव लागते. हे नवे गाव. जुने गाव उजनीच्या पाण्यात आहे. भीमेवर उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले आणि इंदापूर, करमाळा या तालुक्यांतली किती तरी गावे उठली. उन्हाळ्यात पाणी उतरले की पळसनाथाचे दगडी देऊळ बाहेर येते. लोक होडीतून किंवा चिखल तुडवत बघायला जातात. आम्हीही गेलो. सुटे सुटे कोरलेले दगड एकमेकांत अडकवून बांधलेले. इतकी वर्षे पाण्यात राहूनही ते उभे आहे. आजूबाजूला गावातल्या घरांच्या जोत्यांच्या ओळी नुसत्या दिसतात. माळवदांचे काहीच उरलेले नाही.

तेथे एक निवृत्त गुरुजी भेटले. भूगोल शिकवत असत. त्यांचेही घर या पाण्याखाली गेलेले. मी त्यांना विचारले, "गुरुजी, कोयनेच्या पाण्याने भूकंप झाला, मग उजनीने का नाही?" त्यांनी छान समजावून सांगितले. पाण्याच्या साठ्याचा आकडा पाहिला तर उजनी कोयनेपेक्षा मोठे, ११७ टीएमसीचे. पण कोयनेची भिंत १०३ मीटर उंच, दरी खोल आणि अरुंद. उजनी पसरट, ताटासारखे. पाण्याची उंची जितकी जास्त, तितका खाली दाब. आणि नुसत्या दाबाने भूकंप होत नाही. खाली खडकात आधीच ताणलेली, सरकायच्या बेतात असलेली भेग असावी लागते. पाणी झिरपून तिला शेवटचा धक्का देते. जगात हजारो धरणे आहेत, अशी वागणारी मोजकीच.

"म्हणजे आपण निर्धास्त?" मी विचारले.

"तसं कोण म्हणालं?" गुरुजी म्हणाले. "किल्लारीला कुठलं कोयनेएवढं धरण होतं?"

त्यांनी चिखलात काठीने चित्र काढले. आपल्या पायाखालचा काळा दगड हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेल्या लाव्हाचा. तो चादरीसारखा आहे. चादरीखाली त्याहून कितीतरी जुना खडक आहे आणि त्या खडकात जुन्या भेगा आहेत. चादर पांघरल्यामुळे त्या दिसत नाहीत. भारताचा सगळा भूभाग वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो आणि हिमालयाला रेटतो. त्या रेट्याचा ताण येथपर्यंत पोहोचतो. जुन्या भेगेत तो शेकडो, हजारो वर्षे साठतो आणि एके पहाटे मोकळा होतो. किल्लारीला भूकंपानंतर भोक पाडून पाहिले तेव्हा काळ्या दगडाची चादर ३३८ मीटर जाड निघाली. त्याखाली जुना खडक लागला. कोयनेजवळ गोठणे येथे तर तीन किलोमीटर खोल भोक घेतले आहे आणि कऱ्हाडला त्यासाठी खास संशोधन केंद्र आहे.

गुरुजींनी मग पूर्वेकडे हात केला. "कुर्डुवाडी इथून किती लांब? १९७३ साली शास्त्रज्ञांनी गुरुत्वाकर्षणाची मोजणी करून दोन जागा दाखवल्या, जिथं लाव्हाच्या खाली जमीन खचलेली, फाटलेली असावी. एक कोयना आणि दुसरी कुर्डुवाडी." खाली बुजलेली अशी खचदरी आहे की नाही यावर पुढे पुष्कळ वाद झाला. पण कुर्डुवाडी म्हणजे आमचे रेल्वे जंक्शन. इंदापूरचे लोक तेथे गाडी पकडायला जातात.

मला गुरुजींचे आणखी एक बोलणे फार लागले. तेरणा नदीच्या काठी तेर नावाचे गाव आहे. जुने नाव तगर. रोमन व्यापाऱ्यांच्या नोंदीत त्याचा उल्लेख येतो. तेथे बौद्ध स्तूपाचे अवशेष निघाले. तेथले विटांचे त्रिविक्रम मंदिर हे मुळात बौद्ध चैत्य असावे, असे जाणकारांनी त्याच्या अर्धगोल पाठीवरून सांगितले आहे. किल्लारीनंतर भूवैज्ञानिकांनी तेरला मातीचे थर तपासले, तेव्हा तेथे सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या भूकंपाच्या खुणा मिळाल्या. म्हणजे ज्या भागाला आपण कधीही न हलणारा म्हणत होतो, तो पूर्वी हलला होता. लिहून ठेवणारे कोणी उरले नाही, एवढेच. भूकंपाच्या दोन वेळांमध्ये माणसांच्या साठ पिढ्या गेल्या, तर कोणती आत्या कोणत्या नातवाला सांगणार?

आणि सांगितले तरी ऐकतो कोण? किल्लारीला आदल्या वर्षी, १९९२ च्या पावसाळ्यापासून, लहान लहान हादरे बसत होते. ऑक्टोबर १९९२ मध्ये एक चांगला जोराचा बसला. लोक घाबरले, बाहेर झोपले, अर्ज-विनंत्या केल्या. मग हादरे थांबले आणि लोक पुन्हा माळवदाखाली गेले. तेव्हाच्या सरकारी नकाशात तो भाग सर्वात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ साली नकाशा सुधारला तेव्हा तो सर्वात कमी धोक्याचा पहिला पट्टाच काढून टाकला आणि लातूर तिसऱ्या पट्ट्यात गेले. आमचा पुणे जिल्हाही तिसऱ्याच पट्ट्यात. कोयना चौथ्यात. आत्या म्हणते "त्यो तिकडं लातुराकडं", पण त्या नकाशात आत्या आणि लातूर एकाच रंगात होते. अगदी अलीकडे, २१ मार्च २०२४ च्या सकाळी, हिंगोली-नांदेड भागात ४.५ रिश्टरचा धक्का बसला, तोही नांदेड-परभणीपर्यंत लोकांना घराबाहेर काढून गेला.

परत आलो आणि घरकुलाच्या पायावर उभा राहिलो. रमाई आवास योजनेतले घर, २६९ चौरस फूट. जोते झाले होते, भिंती कमरेपर्यंत आल्या होत्या. गवंडी नात्यातलाच.

"लिंटेल कुठपर्यंत घेणार?" मी विचारले.

"दारावर आन खिडकीवर. फोटो काढला की लिंटेलचा हप्ता येतो."

"आणि भिंतीवरून सलग?"

"सलग कशाला, काका? आपल्याकडं कुठला आलाय भूकंप?"

चौथ्यांदा! मी त्याच्यावर रागावलो नाही. जे कोणी त्याला शिकवलेच नाही ते त्याने कुठून आणावे? किल्लारीत त्या गवंड्याकडून जे शिकलो आणि पुढे विचारून-वाचून जे समजले, ते त्याला सांगितले. घर हे पेटीसारखे हलले पाहिजे. चार भिंती चार दिशांना गेल्या तर घर उघडते आणि छत खाली येते. म्हणून दारे-खिडक्यांच्या डोक्यावरून सगळ्या भिंतींवर, आडभिंतीवरसुद्धा, काँक्रीटचा सलग पट्टा फिरवायचा. तीन इंच जाडीचा चालतो. त्यात दोन सळया, मध्ये आडव्या कड्या. कोपऱ्यावर सळई तोडायची नाही, वळवून पुढच्या भिंतीत न्यायची. पायापासून छतापर्यंत प्रत्येक कोपऱ्यात एक उभी सळई. दार कोपऱ्याला चिकटून काढायचे नाही, दोन फूट सोडायचे. वीट भिजवून लावायची आणि भिंतीला आठवडाभर पाणी मारायचे.

वहिनी दारात उभी राहून ऐकत होती. तिने नेमका प्रश्न विचारला. "भावजी, किती लोखंड लागंल?"

आम्ही तिथेच फूटपट्टीने मोजले. सगळ्या भिंती मिळून ऐंशीएक फूट. दहा मिलिमीटरच्या दोन सळया आणि कड्या धरून चाळीस किलोच्या आत. त्यावर खडी, वाळू आणि तीन-चार पोती सिमेंट. वहिनीने हिशेब ऐकला आणि म्हणाली, "पोराच्या लग्नात मांडवाला ह्याच्यापेक्षा जास्त जातंय." नातू लाजला. पट्टा ठरला.

मग आत्याच्या भिंतीतली चीर पाहिली. ती भूकंपाची नव्हती. खाली काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, त्याने पाया हलतो आणि भिंत उभी चिरते. या भागातल्या निम्म्या घरांना अशा चिरा असतात आणि लोक त्यांना जुने दुखणे समजून सोडून देतात. पण चिरलेल्या भिंतीवर डोक्यावर ते वजन! सासऱ्याने आणि मुलाने मिळून सहासष्ट वर्षे माती चढवली होती. मी शिडी लावून वर गेलो, पहारीने एका जागी खोदून पाहिले. पावणेदोन फूट.

घरकुल पुरे होईपर्यंत निदान एक पावसाळा आत्या याच घरात काढणार होती. मी म्हटले, माती उतरवू, वर पत्रे टाकू, जे-हुकने घट्ट आवळू. गळणार नाही आणि अंगावर आले तरी पत्रा माणूस मारत नाही. सगळे गप्प. आतेभाऊ माझ्याकडे बघेना. शेवटी आत्याच बोलली.

"माझ्या सासऱ्यानं बांधलं तवा सगळ्या गावानं नावं ठिवली. महारांनी माळवद बांधलं म्हणून. त्येनं पाटी-पाटी माती चढवली. आन तू म्हणतोस ती उतरवायची. पत्र्यात राहू व्हय मी आता?"

मला उत्तर सुचले नाही. तिचे म्हणणे खोटे नव्हते. त्या माणसाने छतावर माती नव्हे, मान चढवला होता. माझ्या डोळ्यासमोर किल्लारीची ती बाई आली, माळवद नव्हते म्हणून राहिलेली. तिच्याबद्दल मी आत्याला पूर्वी सांगितलेले नव्हते. तेव्हा सांगितले. छपराखालची चूल आणि तिचा चहा, सगळे. आणि हेही, की गावातल्या मोठ्या लोकांची माळवदेच आधी पडली होती. आत्या बराच वेळ भिंतीकडे पाहत होती.

"म्हंजे थोरामोठ्यांचीबी पडली?"

"त्यांचीच आधी पडली, आत्या."

"आन वहिनीच्या घरकुलाला पट्टा घालणार?"

"घालणार."

"मग उतरवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीतली आठ-दहा पोरे वर चढली. टिकाव, खोरी, पाट्या. पहिल्या पाटीबरोबर धूळ उडाली आणि शेजारच्या बायका डोळ्यांना पदर लावून उभ्या राहिल्या. दुपारपर्यंत अंगणात कमरेएवढा ढीग झाला आणि एका खणाचे किलचण उघडे पडले. आतून पाहिले तर सागाच्या तुळया अजून खणखणीत. सासऱ्याने लाकूड चांगले निवडले होते. नातू म्हणाला, "आज्जी, ही माती ट्रॅक्टरनं ओढ्यात टाकतो."

"ओढ्यात न्हाई," आत्या म्हणाली. ती काठी टेकत उठली, ढिगापाशी गेली, वाकून मूठभर माती उचलून पाहिली. "पांढरीची माती हाय. परसातल्या शेवग्याच्या बुडी टाका. ऱ्हायली ती शेतात पसरा."